सईच्या खावटीचा अर्ज

प्रफुल्ल पैसे बुडवत नव्हता, हीच चैतालीची अडचण होती. बुडवत असता तर गोष्ट सोपी होती. वकील गाठून वसुलीचा अर्ज टाकता आला असता आणि कॉलनीतल्या सगळ्यांनी तिचीच बाजू घेतली असती. पण २०१६ मध्ये घटस्फोट झाला तेव्हापासून दर महिन्याच्या सात तारखेच्या आत मुलीच्या नावचे साडेतीन हजार रुपये तिच्या खात्यावर येत होते. लॉकडाउनमध्ये तो कामाला होता ते वर्कशॉप अडीच महिने बंद होतं, तेव्हाही आले. अशा माणसाकडे आणखी मागायचं कोणत्या तोंडानं, हा प्रश्न तिला दीड वर्ष सुटला नाही.

चैताली गांगुर्डे सातपूर कॉलनीत आईच्या घरी राहते. वडील सावळीराम एका कारखान्यात हेल्पर होते, ते जाऊन पंधरा वर्षं झाली. आई सुलाबाई महापालिकेच्या बालवाडीत मदतनीस होती, आता घरी असते. तिसरी सई, चैतालीची मुलगी. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे हातभर ओटा, एवढं घर.

चैताली गंगापूर रोडच्या एका गल्लीत दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेतात, ते माप लॅबमध्ये येतं आणि त्यावरून कवळी किंवा कॅप तयार होते. चैतालीचं काम मेणाचं. प्लास्टरच्या जबड्यावर ती गरम मेणानं एकेक दात उभा करते आणि नखाएवढ्या पात्यानं कोरते. चौदा वर्षं झाली तिला या कामात. शहरातले दोन-तीन डॉक्टर माप पाठवताना चिठ्ठीवर लिहितात, ‘चैतालीताईंकडे द्या.’ लॅबचे मालक उपेंद्र सर बोलायला तुटक, पण पगार वेळेवर करणारे. तो पगार एकोणीस हजार होता.

लग्न मोडलं त्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. प्रफुल्ल ओझरचा, लोखंडाचे सुटे भाग कापणारं सीएनसी मशीन चालवायचा. दारू नाही, मारहाण नाही. सासरच्या घरात माणसं जास्त आणि जागा कमी होती. चैतालीनं नोकरी सोडावी असं त्याच्या भावाचं म्हणणं होतं आणि प्रफुल्ल भावापुढे बोलत नसे. पुढे पुढे तो चैतालीशीही बोलेना. दोन वर्षं तशीच काढल्यावर दोघांनी संमतीनं वेगळं व्हायचं ठरवलं. सई तेव्हा पाच वर्षांची होती. त्या वेळी तो कंत्राटी होता, चौदा हजार मिळवायचा, त्यातून साडेतीन ठरले. कागदावर शेवटी एक ओळ होती, की यापुढे दोघं एकमेकांकडे कसलीही मागणी करणार नाहीत. चैतालीनं ती वाचली आणि सही केली. तिला तेव्हा फक्त बाहेर पडायचं होतं.

त्यानंतरची सहा वर्षं बरी गेली. रविवारी सकाळी प्रफुल्ल मोटारसायकलवर यायचा, सईला ओझरला न्यायचा आणि संध्याकाळी आणून सोडायचा. मधल्या काळात तो नोकरीत कायम झाला, त्यानं दुसरं लग्न केलं. नवी बायको यशश्री सईच्या केसांना रिबिनी बांधून पाठवायची. चैतालीला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग २०२२च्या दिवाळीच्या सुट्टीत सई वाळायला लागली. सारखी तहान लागायची. फराळ खायची, पण अंगी लागत नव्हता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि श्वास जोरात चालायला लागला, तेव्हा तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर पाचशेच्या वर होती. डॉक्टरबाईंनी चैतालीला बाजूला बसवून सांगितलं, की हा मधुमेह म्हाताऱ्या माणसांना होतो तसा नाही. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते आयुष्यभर बाहेरून द्यावं लागेल. दिवसातून चार इंजेक्शनं आणि चार वेळा बोटाला टोचून साखर तपासायची.

“गोड फार खायची का हो ती?” सुलाबाईनं विचारलं.

“त्याचा काही संबंध नाही, आजी. कुणाची चूक नाही यात,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

प्रफुल्ल दवाखान्यात आला. सईच्या हाताला सलाईन होतं. तो दारातच उभा राहिला, आत आला नाही. जाताना त्यानं चैतालीच्या हातात दहा हजार ठेवले आणि “लागले तर सांग,” म्हणाला. ती पुन्हा सांगायला गेली नाही.

सई घरी आली. पंधरा दिवसांत ती स्वतःच्या हातानं पोटाला सुई टोचायला शिकली. चैताली मात्र पहिला महिनाभर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून यायची. औषधं, सुया, तपासणीच्या पट्ट्या, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, सगळं धरून महिन्याला साडेपाच हजारांवर जायला लागलं. उपेंद्र सरांनी संध्याकाळी दोन तास जास्तीचं काम दिलं. ती साडेआठला घरी पोचायची.

आणि रविवार बंद झाले. आधी प्रफुल्ल सईला ओझरला न्यायचं सोडून ओट्यावरच तासभर भेटून जायला लागला. मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. त्याच सुमारास त्याला दुसरी मुलगी झाली. चैतालीनं दोन्ही गोष्टी जोडल्या आणि मनाशी ठरवून टाकलं, की आजारी पोर त्याला नको झाली आहे.

लॅबमध्ये तिच्या शेजारच्या टेबलावर राकेश बसायचा. कॅपला पॉलिश करण्याचं काम त्याचं. त्याचाही घटस्फोट झालेला, मुलगा आईकडे. एकदा जेवणाच्या सुट्टीत चैतालीनं औषधांचं बिल घडी घालून पर्समध्ये ठेवलं, ते त्यानं पाहिलं.

“ताई, रक्कम वाढवून मिळते. अर्ज करावा लागतो,” तो म्हणाला.

“मी पुन्हा मागणी करणार नाही असं लिहून दिलंय.”

“ते वकिलाला विचारा. माझ्यावर झालाय असा अर्ज. नोटीस आली तेव्हा मी इतका तापलो, की दोन वर्षं भांडलो. वकिलाला घातले तेवढे पैसे पोराला दिले असते तर त्याची सायकल आली असती.”

“तिनं आधी येऊन सांगितलं असतं तर दिले असते?”

राकेशनं डबा बंद केला. “खरं सांगू? नसते दिले. पण राग कमी आला असता.”

घरी सुलाबाईचं मत वेगळं होतं. “तुझा बाप गेला तवा मी कुणाम्होरं हात पसरला नाय. खावटी वाढवून मागायला गेली का तो पोरीला मागंल. म्हनंल, तुला झेपत नाय ना, मग दे माझ्याकडं. मग काय करशील?”

ही भीती चैतालीच्याही मनात होती, फक्त ती कधी बोलली नव्हती. शिवाय दर महिन्याला न चुकता येतात तेही बंद झाले तर? आणि सईला काय वाटेल?

तरी एका शनिवारी अर्धी रजा टाकून ती कोर्टाच्या आवारात गेली. तिथं विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात बायकांना फुकट वकील मिळतो, हे तिला राकेशनंच सांगितलं होतं. तिला अॅडव्होकेट इंदिरा कुलथे यांच्याकडे पाठवलं. साठीच्या बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी घटस्फोटाचा कागद शेवटपर्यंत वाचला.

“ही शेवटची ओळ बघून घाबरलात ना?”

“हो, मॅडम.”

“हे तुम्ही तुमच्यापुरतं लिहून दिलंत. मुलीचा हक्क तुम्हाला सोडता येत नाही. तो मुळात तुमचा नाहीच, तिचा आहे. परिस्थिती बदलली की कोर्टाकडे जाता येतं.”

चैतालीनं दुसरा प्रश्न विचारला. “तो मुलीचा ताबा मागेल का?”

“मागू शकतो, कुणीही मागू शकतं. पण तुम्ही खर्च वाढवून मागितलात म्हणून कोर्ट मुलगी काढून घेत नाही. आणि एक लक्षात ठेवा. पैसे आणि भेट, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानं पैसे थांबवले तरी तुम्ही भेट थांबवायची नाही.”

मग त्यांनी बाकीचंही लपवलं नाही. कोर्ट त्याची मिळकत बघेल, तशी तुमचीही बघेल. त्याच्यावर आता दुसरं घर आहे, तेही बघेल. मागाल तेवढं मिळेल असं नाही. एकमत झालं तर दोन-चार महिन्यांत संपेल, नाही तर वर्ष-दोन वर्षं कुठं गेली कळणार नाही. “रक्कम बहुतेक वेळा अर्जाच्या तारखेपासून धरतात. त्यामुळे करायचा असेल तर रेंगाळू नका,” त्या म्हणाल्या आणि मिळकतीच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना हातात दिला. दोन्ही पक्षांना तो भरावा लागतो.

चैतालीनं तो घरी नेला, कपाटात साड्यांखाली ठेवला आणि तीन महिने बाहेर काढला नाही. कधी वाटायचं, अजून थोडं जास्त काम केलं तर भागेल. कधी वाटायचं, प्रफुल्लला स्वतःहून कळायला हवं. दिवस निघत होते.

२०२४च्या जुलैत सईची तिमाही तपासणी होती. घरी रोज साखर तपासायची आणि वहीत लिहायची, हे काम सई स्वतः करायची. वही नेहमीसारखी व्यवस्थित होती, आकडे चांगले होते. डॉक्टरबाईंनी वही पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला, पुन्हा वही पाहिली.

“सई, वहीतले आकडे आणि रिपोर्ट जुळत नाहीत. तीन महिन्यांची सरासरी बरीच वर गेली आहे.”

सईनं वही स्वतःकडे ओढून घेतली.

“मी रागावणार नाही. मला फक्त खरं सांग.”

सईनं आधी आईकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली. “दोनदाच तपासते. सकाळी आणि रात्री. मधले अंदाजानं लिहिते.”

“का गं?”

“पट्ट्यांची डबी पन्नासची असते. चारदा तपासलं की बारा दिवसांत संपते. दोनदा तपासलं की जास्त दिवस जाते.” मग तिनं हळूच जोडलं, “आई साडेआठला येते.”

डॉक्टरबाईंनी चैतालीला पाणी दिलं. रागवायचं कुणावर हे तिला कळेना. तेरा वर्षांची पोर आईचे दोन तास वाचवण्यासाठी स्वतःच्या रक्ताची तपासणी चुकवत होती. त्या दिवशी घरी येताना चैतालीनं सईचा हात रिक्षात घट्ट धरून ठेवला आणि घरी आल्याबरोबर साड्यांखालचा कागद काढला.

सुलाबाई ओट्यावर लसूण सोलत होती. चैतालीनं तिला दवाखान्यातलं सगळं सांगितलं. सुलाबाईचे हात थांबले.

“आई, मी अर्ज करणार आहे.”

सुलाबाईनं मांडीवरची सालं झटकली. मग म्हणाली, “मी हात पसरला नाय, खरंय. पन मला देनारं कुनी नव्हतंच. हिचा बाप जित्ता हाय.” आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

प्रतिज्ञापत्र भरायला दोन संध्याकाळी लागल्या. स्वतःची मिळकत, घरखर्च, मुलीच्या गरजा, प्रत्येकाला वेगळा रकाना. सईच्या औषधांची बिलं चैतालीनं जपून ठेवली होती, ती कामाला आली. तिनं नऊ हजारांची मागणी लिहिली. पण ते कागद कुलथे मॅडमना द्यायच्या आधी तिनं एक गोष्ट केली. शनिवारी दुपारी स्कूटर काढली आणि ओझरला गेली. आठ वर्षांत तिनं त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं.

प्रफुल्ल आता भावापासून वेगळा राहत होता. दार यशश्रीनं उघडलं आणि क्षणभर गोंधळून “या ना,” म्हणाली. लहान मुलगी तिच्या मागे लपली. प्रफुल्ल आतून आला. केस विरळ झाले होते.

चैताली संसारात असताना त्याला ‘तुम्ही’ म्हणायची, आताही तेच तोंडात आलं. “तुम्हाला एक सांगायचं होतं. मी सईची रक्कम वाढवून मिळायचा अर्ज देणार आहे.”

तो एकदम ताठ झाला. “मी एक महिना तरी चुकवलाय का?”

“नाही. मला कुणी विचारलं तर मी तेच सांगते.”

“मग?”

“तेव्हा ती पाच वर्षांची होती, धडधाकट होती. आता रोज चार सुया टोचून घेते. पट्ट्या वाचवायला तपासणी चुकवते आणि वहीत खोटे आकडे लिहिते. परवा डॉक्टरांनी पकडलं.”

प्रफुल्लनं लहान मुलीला उचलून घेतलं. मग नेहमीच्या पुरुषी आवाजात म्हणाला, “इथं काय झाडाला पैसे लागलेत? घराचा हप्ता आहे, ही लहान आहे, आईचं बघतो मी.”

“ते कोर्टात सांगा. मॅडम म्हणाल्या, ते पण बघतात. नोटीस घेऊन बेलीफ येईल. त्याच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून आले.”

“म्हणजे ठरवूनच आलीस.”

“हो.”

“मग चहा घे आणि जा.”

तिनं चहा घेतला नाही. यशश्री फाटकापर्यंत आली आणि मागे वळून बघत हळू आवाजात म्हणाली, “ताई, सईला भात चालतो का?”

चैताली थांबली. “चालतो. मोजून घ्यावा लागतो आणि त्या हिशेबानं इन्सुलिन.”

“ती यायची तेव्हा मला काही कळायचं नाही काय करावं. यांना विचारलं की हे चिडतात. शेवटी तिला बोलवणंच सोडलं.” एवढं बोलून ती घाईघाईनं आत गेली.

परतीच्या वाटेवर चैतालीच्या डोक्यात ते वाक्य फिरत राहिलं. पण सोमवारी अर्ज दाखल झाला.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला सुलाबाई भाकरी आणि पिठलं बांधून सोबत आली. कुलथे मॅडम दिसताच तिनं हात जोडून “जय भीम, ताई,” म्हटलं. मॅडमनीही हात जोडले. प्रफुल्ल एकटाच आला होता, वकील नव्हता. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात पगाराच्या पावत्या. पगार एकतीस हजार होता, त्यानं एकही पावती लपवली नव्हती. न्यायाधीशांनी दोघांना आधी समुपदेशकांकडे जायला सांगितलं.

समुपदेशक बाई साध्या होत्या, टेबलावर पाण्याची बाटली आणि एक वही. त्यांनी रकमेचा विषयच काढला नाही. प्रफुल्लला विचारलं, “मुलीला शेवटचं ओझरला कधी नेलं होतंत?”

“दीड वर्ष झालं.”

“त्याआधी दर रविवारी न्यायचात. मग काय झालं?”

प्रफुल्ल पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत बसला. चैतालीला वाटलं, तो नव्या मुलीचं कारण सांगेल.

“दवाखान्यातून आल्यावरही नेत होतो,” तो म्हणाला. “एकदा बाजारात भाजी घेत होतो. ती म्हणाली, बाबा, हात थरथरतायत. मी म्हटलं, थंडी असेल. मग तिला घाम फुटला. बोलता येईना. माझ्या हातात माझी पोरगी थंडगार पडली होती आणि मला काही सुचेना. एका गुऱ्हाळवाल्यानं पाहिलं, त्याच्या घरात कुणाला तरी हाच आजार होता. त्यानं उसाचा रस पाजला. दहा मिनिटांत ती उठून बसली.” त्यानं पिशवी टेबलावर ठेवली. “साखर एकदम खाली उतरली की साधं गोड द्यायचं असतं. मला तेवढं सुचलं नाही. म्हटलं, माझ्याकडे असताना पुन्हा झालं तर? आईकडे नीट आहे, तिथंच राहू दे.”

“तुम्ही मला सांगितलं नाहीत,” चैताली म्हणाली.

“तू तिला पाठवणंच बंद केलं असतंस.”

“सईनंही नाही सांगितलं.”

“तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. आईला सांगू नका, नाहीतर रविवार बंद होतील म्हणून.”

आणि रविवार तसेही बंद झाले होते. चैतालीला त्याच्यावर चिडायचं होतं, पण त्या बाजारातल्या दहा मिनिटांत तो कसा उभा असेल हे डोळ्यांपुढे आलं आणि चीड धरून ठेवता आली नाही. दवाखान्यातही तो दारातच थांबला होता. तेव्हा तिनं त्याचा वेगळा अर्थ लावला होता.

समुपदेशक बाईंनी दोघांना पाणी दिलं आणि मग रकमेवर आल्या. एका बैठकीत जमलं नाही. दुसऱ्या बैठकीत प्रफुल्ल साडेपाचच्या वर जाईना आणि चैताली आठच्या खाली येईना. आवाज चढले. तो “मी काय चोर आहे का,” म्हणाला, ती “तसं मी कधी म्हटलं,” म्हणाली, आणि बाईंनी त्या दिवशी बैठक संपवली. तिसऱ्या वेळी तो स्वतःहून म्हणाला, की यशश्रीनं कंपनीत चौकशी करायला लावली. कंपनीनं काढलेल्या आरोग्य विम्यात मुलीचं नाव घालता येतं, सईचं आजवर घातलंच नव्हतं. दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर तो खर्च त्यातून निघेल. मग उरलेलं पुढे सरकलं. महिन्याला साडेसहा हजार, दर वर्षी पाचशेची वाढ, तपासणीच्या पट्ट्यांच्या बिलाचा अर्धा भाग वेगळा, तोही सईच्या औषधवाल्याकडे थेट. आणि दर रविवारी भेट. कुलथे मॅडमनी तडजोडीचा कागद केला, दोघांनी वाचून सह्या केल्या आणि न्यायाधीशांनी त्यानुसार आदेश दिला. अर्ज दिल्यापासून पाच महिने लागले.

नऊ मागितले होते, नऊ मिळाले नाहीत. पण चैतालीनं जास्तीचे दोन तास बंद केले आणि साडेसहाला घरी यायला लागली. पट्ट्यांच्या तीन डब्या कपाटात एकदम ठेवल्या, सईला दिसतील अशा.

आदेशाच्या दिवशी संध्याकाळी सईनं विचारलं, “माझ्यासाठी तुम्ही दोघं पुन्हा कोर्टात गेलात?”

“हो. आई-बाप कशासाठी असतात मग?”

सईनं पट्ट्यांची डबी हातात घेतली. “बाबांनी बाजारातलं सांगितलं का?”

“सांगितलं.”

“मग रविवार?”

“रविवार आहेत. पण आधी त्यांना शिकावं लागेल.”

शिकवणी दवाखान्यात झाली. प्रफुल्ल आणि यशश्री दोघंही आले, धाकटीला शेजारी ठेवून. तिथल्या सिस्टरनं आधी स्पंजवर सुई टोचायला लावली, मग प्रफुल्लला त्याच्याच पोटावर, नुसत्या सलाईनची. लोखंडाच्या तुकड्याला केसाएवढा फरक पडू न देणारा तो माणूस सुई धरून डोळे घट्ट मिटून बसला.

“बाबा, श्वास रोखू नका. दुखत नाही,” सई म्हणाली.

त्यानं टोचलं आणि डोळे उघडले. “खरंच नाही दुखत.”

“सांगितलं ना.”

साखर कमी झाली तर काय करायचं ते यशश्रीनं फोनवर लिहून घेतलं. किती ग्लुकोज, किती मिनिटांनी पुन्हा तपासायचं, दवाखान्यात कधी न्यायचं. भात किती वाट्या, तेही विचारून घेतलं. चैताली खिडकीपाशी उभी राहून बघत होती. तिला त्या तिघांत बसावंसं वाटलं नाही, आणि तिथून निघून जावंसंही वाटलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका महिन्यात प्रफुल्लनं औषधवाल्याचे पैसे तीन आठवडे उशिरा दिले आणि चैतालीला फोन करावा लागला. एका रविवारी सईनं वाढदिवसाच्या केकचा अंदाज चुकवला आणि साखर साडेतीनशेवर गेली. त्या दिवशी प्रफुल्लनं आपण होऊन फोन केला, आकडा सांगितला, किती इन्सुलिन दिलं ते सांगितलं आणि दोन तासांनी पुन्हा फोन केला. पुढच्या तिमाहीत रिपोर्टचा आकडा खाली आला. त्याच्या पुढच्या तिमाहीत आणखी थोडा.

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सई पहिल्यांदाच आठ दिवस ओझरला राहायला गेली. चैतालीला संध्याकाळी करायला काही उरलं नाही. उपेंद्र सरांनी लॅबमध्ये नवं स्कॅनर आणलं होतं. माप थेट संगणकावर येतं आणि दात पडद्यावर उभे करता येतात. शिकायला कुणी तयार नव्हतं, राकेश तर त्या खोलीकडे फिरकतच नव्हता. चैताली सरांकडे गेली आणि म्हणाली, मी शिकते. सर म्हणाले, शिकलीस तर पगार बघू.

पाचव्या संध्याकाळी ती पडद्यावर दाढ फिरवून बघत असताना सईचा फोन आला.

“आई, अजून दोन दिवस राहू का? आत्या येणार आहेत आणि छोटी मला सोडत नाही.”

“इन्सुलिन पुरेल?”

“बाबांनी काल नवीन आणून फ्रिजमध्ये ठेवलंय.”

“मग राहा.”

फोन ठेवून चैतालीनं दाढ पुन्हा फिरवली. एक कोपरा जास्त उंच होता, चावताना लागला असता. तिनं तो थोडा खाली घेतला आणि सरांना दाखवायला हाक मारली.